तंजावरला शिकायला जाताय?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर तुम्हाला चक्क मराठी अक्षरं दिसतील. १८०३ मध्ये सरफोजीराजे दुसरे यांनी भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरून घेतला. हे राजेही कधी घर सोडून शिकायला गेले होते! १७९३ मध्ये त्यांना मद्रासला पाठवलं गेलं. १७९८ मध्ये ते गादीवर बसले आणि सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनीच भरभराटीला आणलं.

तुम्ही इथे शिकायला आलात, तर पहिली परीक्षा असते विषय नोंदणीची. कोर, इलेक्टिव्ह, क्रेडिट, आणि आजूबाजूला सगळे तमिळ बोलणारे! घाबरू नका. आधी नियमपुस्तिका उघडून अनिवार्य विषय वेगळे लिहा. उरलेल्या क्रेडिटमध्ये ऐच्छिक विषय बसवा. दोन तास एकाच वेळी येत नाहीत ना, ते पाहा. शंका असेल तर विभागातल्या प्राध्यापकांना ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. विषय बदलण्याची मुदत चुकली, तर एका विषयापायी पदवी लांबू शकते.

मन फारच गोंधळलं, तर संध्याकाळी मंदिरात जा, ती मराठी अक्षरं वाचा, आईला फोन लावा. आणि सकाळी न लाजता ऑफिसच्या खिडकीशी उभे राहा.