पत्र्याच्या पेटीतलं सिम

चाकणजवळच्या खराबवाडीच्या खोलीत पेटीतून जुनं सिम काढलं, मोबाईलमध्ये घातलं आणि बॅलन्स पाहिला, तर 41 रुपये 75 पैसे. साडेचार महिन्यांपूर्वी ठेवलं तेव्हा 81.75 होते. सिमला कुणी हात लावलेला नाही, पेटीची किल्ली माझ्याकडेच. मग 40 रुपये गेले कुठं?

मुळात तो बॅलन्स मला नकोच होता. अहमदपूरहून चाकणला कामाला आले त्याच आठवड्यात मोबाईल शॉपीतल्या गर्दीत उभी होते. "ताई, शंभरचा मारू?" मी म्हटलं, "मारा." मला वाटलं पॅक येईल, आला टॉपअप. जीएसटीचे 15.25 आणि प्रोसेसिंग फीचे 3 कापून 81.75 चा टॉकटाइम, व्हॅलिडिटी शून्य. त्या पैशातून पॅक घेता येईना. नंतर पॅक मारला, तर कॉल त्यातूनच फुकट. बॅलन्स तसाच पडून. कामाच्या शेडमध्ये रेंज नव्हती म्हणून नंबर पोर्ट करायला गेले, तर कळलं की पोर्ट केल्यावर उरलेला बॅलन्स बुडतो. शेवटी नवं सिम घेतलं आणि हे पेटीत टाकलं.

मग ठेकेदार बदलला. जुना पीएफ नव्या खात्यात घ्यायचा तर आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी येणार, आणि तो नंबर पेटीत. मला घामच फुटला. खोलीतल्या एकीचा नंबर असाच पडून राहून दुसऱ्या कुणाला गेला होता. आधारला नवा नंबर जोडायचा तर तेव्हा केंद्रावर स्वतः जावं लागायचं, म्हणजे एक खाडा.

त्या 40 रुपयांचा उलगडा शॉपीतल्या दादांनी केला. दूरसंचार नियामक ट्रायचा 2013 पासूनचा नियम आहे: प्रीपेड सिम वापरलं नाही म्हणून 90 दिवसांच्या आत बंद करता येत नाही. त्यानंतरही बॅलन्स 20 रुपये किंवा जास्त असेल, तर 20 कापून नंबर आणखी 30 दिवस राखतात. दोनदा कापले होते. ज्या पैशांसाठी मी इतकी हळहळले, त्यातूनच माझ्या नंबराचं भाडं जात होतं. मी तिथंच दादांचे दोनदा आभार मानले.

पॅक संपलेला असल्यानं ओटीपी मात्र येईना. सगळ्यात लहान पॅक मारला आणि दुसऱ्या मिनिटाला सहा आकडे आले.

गेल्या रविवारी खोलीतली एक जण बाळंतपणासाठी यवतमाळला निघाली. तिचा पीएफही चाकणच्या नंबराला जोडलेला, आणि सिम ती इथंच ठेवून जाणार होती. मी तिला शॉपीत नेलं, या वेळी जाणूनबुजून शंभरचा टॉपअप मारायला लावला. मग वहीच्या पानावर हिशेब मांडला: 90 दिवस, पुढं 20 चे चार हप्ते म्हणजे आणखी 120 दिवस, एकूण 210. शेवटची तारीख तिनं मेहंदीच्या हातानं पानावर लिहिली आणि पान सिमभोवती गुंडाळून माझ्या पेटीत ठेवलं.