पंख्याच्या हुकाला झोका टांगू नका

पोस्ट जरा लांब आहे. ज्यांच्या घरात स्वमग्न किंवा अतिचंचल मूल आहे, त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आपल्याकडे आता ऑक्युपेशनल थेरपीची सेंटरं निघाली, चांगलंच झालं. तिथे छताला कापडी झोळी, फळीचा झोका टांगलेला असतो. बघणाऱ्याला खेळ वाटतो, पण ते उपचाराचं साधन आहे. अमेरिकेतल्या जीन आयर्स यांनी ही विचारपद्धत मांडली, त्यांचं पुस्तक १९७२ चं. झोक्याने कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला काम मिळतं, असा त्यामागचा विचार.

मी बांधकामातला माणूस. थेरपीतलं कळत नाही, छतातलं कळतं. ओळखीच्या एका आईने आग्रह केला म्हणून तीन सेंटरं पाहिली. नावं घेत नाही. दोन ठिकाणी झोका चक्क पंख्याच्या हुकाला!

अहो, पंखा चार-पाच किलोचा, आणि जागच्या जागी फिरणारा. पंचवीस किलोचं पोर झोक्यात बसून साठ अंशांपर्यंत वर गेलं, तर खाली येताना दोरीवर ओढ पडते पन्नास किलोची. बारावीचं फिजिक्स आहे हे. पोराने उडी मारली, ताई सोबत बसल्या, की आणखी जास्त. वर ही ओढ एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. वाड्यांमधले झोपाळे पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण कड्या तुळईत पक्क्या होत्या, गिलाव्यात नव्हत्या.

तिसरीकडे अँकर फास्टनर होता, पण बीमच्या पोटात. बीमच्या मधल्या भागात पोटालाच ताण येतो, मुख्य सळया तिथेच आणि बारीक भेगाही तिथेच. साधा फास्टनर भेगेत सैल होत जातो, आणि ड्रिलखाली सळई आली तर बीमच अधू. त्यापेक्षा बीमच्या कुशीतून आरपार बोल्ट आणि दोन्हीकडे लोखंडी पट्टी. जागा मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवायची. पीओपीच्या सीलिंगबद्दल तर बोलायलाच नको. घरमालक भोक पाडू देत नसेल तर रुंद पायांचा पाइपचा स्टँड फॅब्रिकेटरकडून करून घ्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. रॅम्प आहे का हे निदान कुणीतरी विचारतं. झोका कशाला टांगलाय, हे कोण विचारणार? माझं म्हणणं, नगरपालिकेने सेंटरांकडे इंजिनिअरचा दाखला मागावा, आणि वर्षातून एकदा वाळूची पोती टांगून चाचणी घ्यावी.

तोवर पालकांनी मान वर करून बघावं. हुकाभोवती भेग किंवा तांबूस डाग, खाली गादीवर गिलाव्याची पूड, उघड्या तोंडाचा एस हूक, यातलं काही दिसलं तर झोका थांबवायला सांगा. भांडू नका. बहुतेक सेंटरांतल्या ताई स्वतःही रोज त्याच झोक्यात बसतात.