खोताची वाडी आणि चार खोल्यांचे घर

लेकराच्या हृदयाच्या तपासणीसाठी परळच्या वाडिया किंवा केईएम रुग्णालयात आलात आणि मुक्काम गिरगावातल्या पाहुण्यांकडे असला, तर एका संध्याकाळी खोताची वाडी पाहून या. चर्नी रोड स्टेशनवरून पायी जाता येते.

१८व्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांनी इथे ईस्ट इंडियन कुटुंबांना घरांसाठी जागा दिल्या. वाडीला त्यांचेच नाव पडले. अरुंद बोळ, कौलारू छपरे, लाकडी सज्जे आणि बाहेरून माडीवर चढणारे जिने. लोक राहते आहेत, तेव्हा बोळातूनच पाहावे.

एखादे माडीचे घर नीट पाहून ठेवा. इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट समजायला ते उपयोगी पडेल. हृदयही तसेच असते. माडीवर दोन खोल्या, खाली दोन, मधे भिंत. वरच्या भिंतीला भोक असले तर एएसडी लिहितात, खालच्या भिंतीला असले तर व्हीएसडी. पीडीए म्हणजे बाळ पोटात असताना लागणारी, पण जन्मानंतर मिटायची राहिलेली वाट.

‘भोक’ ऐकून धीर सोडू नका. पुढे मिलिमीटरमध्ये माप दिलेले असते. खालच्या भिंतीतली लहान भोके पुष्कळदा आपोआप बुजतात. ‘ग्रेडियंट’ म्हणजे दोन बाजूंच्या दाबातला फरक. लहान व्हीएसडीत हा आकडा मोठा असणे चांगलेच. पण अरुंद झडपेपाशी मोठा आकडा म्हणजे अडथळा जास्त. म्हणून घरच्या घरी निकाल लावू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: भोक कुठे व केवढे आहे? हृदयावर, फुप्फुसांवर ताण आहे का? पुन्हा कधी दाखवायचे?

बाळ दूध पिताना दमत असेल, घामाघूम होत असेल, वजन भरत नसेल, तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नका. ओठ-जीभ निळी पडली किंवा धाप लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतली मुले तपासतात आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठीही मदत मिळते. गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

आणि रिपोर्टांची फाइल जपा. जुना रिपोर्ट नव्याशी ताडल्यावरच भोक बुजते आहे की नाही, ते डॉक्टरांना नेमके कळते.