माघातलं माहेरपण

दापोली तालुक्यातल्या मुरूड गावात आमचं घर आहे. घरामागे नारळी-पोफळींची वाडी, वाडीच्या टोकाला लाकडी बेडं, आणि बेडं उघडलं की सुरूची झाडं ओलांडून पुळण. या घरी माझी वर्ध्याची मैत्रीण माघात आठवडाभर राहून गेली.

पुण्यात हिंगण्याच्या संस्थेच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे तिने जातीबाहेर लग्न केलं आणि माहेरचं दार बंद झालं ते कायमचंच. दोन्ही बाळंतपणं सासरी झाली. आई गेल्याचं तिला शेजारच्यांकडून कळलं. आता शाळेची नोकरी संपली, गेल्या वर्षी यजमानही गेले. मी फोनवर म्हटलं, "पाहुणी म्हणून येऊ नकोस. माहेरी यावं तशी ये. आणि अष्टमीला पोच."

अष्टमी मी मुद्दाम धरली होती. आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणतात. जो आकडा येईल, त्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा वाजता, सकाळीही आणि संध्याकाळीही. त्या दिवशी समुद्राला भांग असतो, पाण्याला जोर नसतो. मग रोज पाऊण तास पुढे सरकत पौर्णिमेला सव्वाअकरा आणि उधाण. म्हणजे ओहोटी अष्टमीला भर दुपारी, द्वादशीला तीनला आणि पौर्णिमेला सव्वापाचला, ऐन उतरत्या उन्हात. ज्या माणसाने समुद्र फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलाय, त्याला तो असा हळूहळू भेटावा. पहिल्या संध्याकाळी निवांत, आणि आठवड्याअखेर पूर्ण ताकदीनिशी. तिने हे गणित वहीत लिहून घेतलं आणि रोज स्वतः वेळ काढून मला सांगू लागली. मास्तरीणच ती.

बाकी कार्यक्रम मी काही आखला नव्हता. दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला आपण गाव दाखवतो. आठवडाभर राहणाऱ्याला घर द्यावं लागतं, म्हणजे कुठल्या फडताळात काय आहे ते माहीत असण्याची मुभा, दुपारी कुणाशी न बोलता पडून राहण्याची मुभा. पहिल्या पहाटे ती माझ्याआधी उठून स्वयंपाकघरात उभी. "काय करून राहिली तू? दे, मी चिरते." मी विळी दिली नाही. चहाचा कप हातात दिला आणि पडवीत बसवलं. तीसेक वर्षं तिने सकाळची शाळा, डबे आणि सासूबाईंची औषधं सांभाळली. तिने नुसतं बसावं, हे मला फार हवं होतं.

दशमीपासून मात्र तिने ऐकलं नाही. पिशवीतून भिवापुरी मिरचीचं तिखट काढलं आणि गोळाभात केला. डाळीच्या भरड्याचे गोळे भातात शिजवून, वरून हिंग-लाल मिरचीच्या फोडणीचं तेल. आमच्या आमसुलाच्या साराबरोबर तो इतका जमला की घरात अजून होतो. दुपारी खळ्यात वाळलेली सुपारी सोलायला बायका बसत. ती त्यांच्यात जाऊन बसली, आणि तिच्या बोलीवर त्या आणि त्यांच्या बोलीवर ती अशा हसत राहिल्या.

वाडी तिला बघायचीच होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली. वीज नाही, फोन नाही. त्या दिवसांत ती वर्ध्याहून रोज नंबर फिरवत राहिली होती. नव्याने लावलेल्या पोफळीला धरायला पाच-सात वर्षं लागतात. सावली गेली की तिच्याखालची जायफळं उन्हाने करपतात, तेव्हा झाडं मोजून नुकसान कळत नाही. ती एकेका रोपाजवळ थांबली, कुठलं कधी लावलं ते विचारत.

त्रयोदशीला गावातून फिरताना महर्षी कर्व्यांचा विषय निघाला. निघणारच होता. हिंगण्याची संस्था त्यांनीच विधवांसाठी काढलेली, तिथे त्यांची तसबीर आम्ही रोज पाहिली होती, आणि हे त्यांचं गाव. इथून पोरवयात ते परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठवलं, हे तिला ठाऊक होतं. मी पुढचं सांगितलं. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं. दोघं मुरूडला आले, तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्कार घातला. याच गावाच्या भल्यासाठी आधी मुरूड फंड उभा केलेला माणूस तो. त्यांना ठेवून घेतलं तर घरच्यांनाही वाळीत पडायचा धाक. पोटच्या मुलाला, नव्या सुनेला उघडपणे घरात घ्यायची आईला सोय राहिली नाही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या आईलाही धाकच असेल वं. मी कधी तसा विचार केला नाही." त्या संध्याकाळी ओहोटीच्या पुळणीवरून आम्ही हर्णैच्या दिशेने दूरवर चालत गेलो. तिने आईबद्दल सांगितलं, आणि पहिल्यांदाच रागाशिवाय. माझ्या मते त्या गावसभेचा निकाल माणुसकीला धरून नव्हता, आणि तसे निकाल आजही घराघरांत लागतात. पण त्यात आया किती एकट्या पडत असतील, हे मला तिने दाखवलं.

पौर्णिमेला रात्री उधाणाचा आवाज अंगणापर्यंत येत होता. आम्ही पडवीत जागत बसलो आणि वसतिगृहातल्यासारख्या वाटेल त्या गप्पा मारल्या.

दुसऱ्या दिवशी खेडची गाडी गाठायची होती. निघताना मी तांदूळ, खण, हळदकुंकू आणि वाडीतला नारळ घेऊन आले. ती मागे सरली. "अगं, मला कशी भरतेस ओटी?" मी म्हटलं, "हिंगण्याची मुलगी आहेस ना? पदर पुढे कर." तिने पदर पुढे केला. तांदूळ घालताना मी मनात तिच्या आईचं नाव घेतलं.

आणखी चार नारळ तिने स्वतःच मागून घेतले, आणि पायऱ्या उतरता उतरता पुढच्या माघातली अष्टमी कोणत्या तारखेला येते ते बघून ठेवायला सांगितलं.