अकरा दिवस, एक जिल्हा

आमचा मुलगा आणि सून नेदरलँड्सला असतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी कॅराव्हॅन भाड्याने घेतली आणि चोवीस दिवसांत पाच देश पाहिले. एका देशातून दुसऱ्यात कधी शिरलो ते फोनवर नव्या नेटवर्कचा मेसेज आला की कळायचं, असं तो सांगत होता. पाट्या बदलायच्या, पावाचा आकार बदलायचा, बस्स. "तुम्ही दोघं या, पुढच्या वर्षी तुम्हाला फिरवतो," असं त्याने सांगितलं. मी हो म्हटलं. नवरा म्हणाला, आधी आदिलाबाद.

हैदराबादच्या मराठी घरांतल्या मुलांना आदिलाबाद म्हणजे नागपूरला जाताना हायवेवर लागणारी एक पाटी. माझ्या नवऱ्यासाठी ते आईचं माहेर. सासूबाईंचा जन्म १९३८चा, पैनगंगेच्या काठाजवळच्या एका गावातला. ते गाव आज बेला मंडळात येतं. त्यांच्याबरोबर तिकडे जायचं कायम ठरायचं आणि कायम राहायचं. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या.

आमची गाडी म्हणजे बारा सीटची जुनी ट्रॅव्हलर. मागच्या सीट काढून पलंग, खाली साठ लिटरची पाण्याची टाकी, पाच किलोचा सिलिंडर, टपावर सोलर पॅनेल. (हे करायचं असेल तर आरटीओकडून नोंदणी बदलून घ्या, ते काम गाडी बांधण्यापेक्षा जास्त वेळ खातं.) युरोपात कॅम्पसाइटवर विजेचा खांब, नळ, सगळं हाताशी असतं. इथे रात्री कुठे थांबायचं हे रोज विचारून ठरवायचं. पेट्रोल पंप, देवळाचं आवार, सरपंचांनी हो म्हटलं तर शाळेचं मैदान. या विचारण्यातच आमचा अर्धा प्रवास झाला. हॉटेलात राहिलो असतो तर यातलं कुणीच भेटलं नसतं.

आणि कॅराव्हॅन हा शब्द काही आपल्याला परका नाही. मूळ फारसी, कारवाँ. आपल्या हैदराबादेत गोवळकोंड्याच्या वाटेवर कारवान नावाची वस्तीच आहे, हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांचे तांडे तिथे उतरत. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून दख्खनभर फिरणारे लमाण हे तर खरे कॅराव्हॅनवाले. त्यांचे तांडे आदिलाबादेत आजही आहेत, फक्त आता ते हलत नाहीत.

जानेवारीत निघालो. राष्ट्रीय महामार्ग ४४, सोनच्या पुलावर गोदावरी, मग निर्मल आणि महबूब घाट. घाट चढलात की हवा बदलते. तेलंगणातली सगळ्यात कडक थंडी याच भागात पडते, त्यामुळे दोन रजया कमी पडल्या. नेरडिगोंड्याहून आत कुंतालाचा धबधबा आहे, कडेम नदीवरचा, जवळजवळ दीडशे फूट उंच. जानेवारीत त्याची धार बारीक असते. तो पाहायचा तर पावसाळा सरतासरता या. आम्ही फोटो काढून पुढे निघालो.

आदिलाबाद गावात कापसाचा हंगाम होता. मार्केट यार्डाबाहेर गाड्यांची रांग, रस्त्याच्या कडेला उडालेला कापूस. चहाच्या टपरीवर पाटी तेलुगूत, मालक उर्दूत हिशेब करणारा आणि गिऱ्हाईक मराठीत तक्रार करणारं. पण ही मराठी पुण्याची नव्हे. "कुठून येऊन राह्यले जी तुमी?" ही वऱ्हाडाला चिकटलेली मराठी. मध्येच तेलुगू शब्द येतो आणि कुणाला तो वेगळा वाटत नाही.

इथे थोडा इतिहास सांगते, कारण तो आम्हालाही धड माहीत नव्हता. निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात किनवट आणि राजुरा हे तालुकेही होते. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तुकडे झाले. किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात. पुढे २०१४ साली तेलंगणा झालं आणि २०१६ साली उरलेल्या आदिलाबादचेही चार जिल्हे झाले. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न १९५६च्याच वैशाखात झालं, किनवटला. लग्न झालं तेव्हा सासर आणि माहेर एका जिल्ह्यात होतं. दिवाळसण आटोपेपर्यंत माहेर परराज्यात गेलं.

आपण हैदराबादचे मराठी लोक "आम्ही मूळचे तिकडचे, पणजोबा इकडे आले" अशी गोष्ट सांगतो. बेल्याच्या बाजूच्या लोकांकडे अशी गोष्टच नाही. ते कुठून आलेच नाहीत. एका शेतकऱ्याला नवऱ्याने विचारलं, तुमचे लोक महाराष्ट्रातून कधी आले? तो गोंधळून आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आमी हितलेच. म्हाराष्ट्र तिकडं सरकला."

सासूबाईंचं घर उरलेलं नाही. त्या जागी कापूस ठेवायची पत्र्याची शेड आहे. नवरा शेडभोवती एक चक्कर मारून आला आणि काही बोलला नाही. गावात मराठी माध्यमाची सरकारी शाळा आहे, रात्री गाडी तिच्याच मैदानात लावली. सकाळी पोरं जमली. गाडीत पलंग आहे ही बातमी पसरली होती. चौथीतल्या एका मुलीने माझ्या हातातला दिवाळी अंक घेतला आणि उभ्या उभ्या वाचायला लागली, मोठ्याने, न अडखळता. गुरुजी म्हणाले, पट दर वर्षी घटतोय. आईबापांना पोरं इंग्रजी शाळेत घालायची आहेत आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा. नोकरीला तेलुगू आणि इंग्रजी लागतं. आमच्याकडे होती ती तिन्ही पुस्तकं तिथेच ठेवली. गुरुजींनी लहान मुलांची आणखी पुस्तकं मागितली आहेत, ती जमवतेय. तुमच्या घरी वाचून झालेली पडली असतील तर मला जरूर कळवा.

तिथून उलटं फिरून गुडीहत्नूरवरून इंद्रवेल्ली. गावात एक हुतात्मा स्तंभ आहे. २० एप्रिल १९८१ला जमिनीच्या हक्कांसाठी जमलेल्या गोंडांवर इथे पोलिसांचा गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक त्याहून कितीतरी मोठा सांगतात.

जवळच केसलापूर. पौष अमावास्येला तिथे नागोबाची जत्रा सुरू होते. हा मेश्राम कुळातल्या गोंडांचा देव. त्याच्या अभिषेकाला गोदावरीचं पाणी लागतं आणि ते आणायला मेश्राम मंडळी जन्नारमकडच्या हस्तिनमडुगूपर्यंत पायी जातात, अनवाणी, पांढऱ्या कपड्यांत. कुटुंबं बैलगाड्यांतून येतात आणि वडांखाली उतरतात. आता ट्रॅक्टर आणि ऑटोही असतात, पण बैलगाड्या अजून पुष्कळ. गाडीत कडब्यावर झोपलेली पोरं, खाली लटकवलेली भांडी, चाकाला टेकवलेली चूल. आमच्या साठ लिटरच्या टाकीचा तोरा तिथे उतरला.

शेजारच्या बैलगाडीतल्या आजी आमच्या गाडीत डोकावल्या. पलंग पाहिला, शेगडी पाहिली. मग विचारलं, "अन् बैलं कुठं बांधता?" त्यांची त्याच हसल्या.

त्या प्रधान होत्या. गोंडांच्या कुळकथा पिढ्यान्‌पिढ्या गाऊन जपणारे ते प्रधान. किंगरी वाजवत ते गोंडांचा इतिहास गोंडीत गातात आणि घरी मात्र मराठी बोलतात. म्हणजे गोंडांचं पुराण ज्यांच्या तोंडी आहे, त्यांची मायबोली मराठी. इतकी वर्षं मराठी मंडळात वावरून ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

अमावास्येच्या रात्री पूजा झाली की मेश्राम घराण्यात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवतात. पांढऱ्या साड्या, चेहऱ्यावर पदर. आम्ही आवाराबाहेरच थांबलो. दूरवरून वाद्यं ऐकू येत होती आणि गारठ्याने दात वाजत होते.

उटनूरला आदिवासी बायकांच्या सहकारी संस्थेचे मोहाचे लाडू घेतले (नक्की खा, खजुराच्या चवीजवळ जातात) आणि जैनूरवरून मार्लवाईला गेलो. या गावासाठी मी हट्ट धरला होता. १९४०मध्ये जोडेघाटला कोमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांचा असंतोष समजून घ्यायला क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. तो आणि त्याची बायको बेट्टी याच गावात झोपडी बांधून राहिले. इथूनच ते गावोगाव फिरले. १९४३ साली मार्लवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघालं आणि गोंडीची पहिली क्रमिक पुस्तकं देवनागरीत छापली गेली. बेट्टी १९८७ साली हैदराबादेत वारली. आज दोघांचीही समाधी मार्लवाईत आहे, शेजारीशेजारी. ताजी झेंडूची फुलं होती.

नवरा तिथे बराच वेळ बसला. "लोक युरोपातून इथे येऊन राहिले," एवढंच म्हणाला.

त्याच पट्ट्यात पुढे केरामेरीच्या डोंगरात चौदा गावं अशी आहेत की त्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. तिथल्या लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डं आहेत, मतदार ओळखपत्रंही. ऐकायला गंमत वाटते. पण जमिनीचा पट्टा कोण देणार, हा प्रश्न त्यांना रोज पडतो. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे सीमा कुणाला आठवत नाही, तुमच्याकडे विसरता येत नाही.

शेवटी बोथवरून किनवट. मावशी चौऱ्याऐंशीच्या आहेत, गुडघे गेलेत. आम्ही माहेराहून आलो म्हटल्यावर त्यांनी घराचं विचारलं. नवऱ्याने शेडबद्दल सांगितलं. "आणि चिंच?" चिंच आहे, मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. मग नातवाचा हात धरून गाडीत चढल्या, पलंगावर मांडी घालता येईना म्हणून पाय लांब करून बसल्या आणि म्हणाल्या, इथेच चहा कर. घरात सुनेने ठेवलेला चहा निवून गेला, पण मावशी दुसरा कप होईपर्यंत खाली उतरल्या नाहीत.