शिकाऊंचं विमान

जबलपूरच्या आमच्या घरात कपाटाच्या दाराला आतून एक विमान चिकटवलेलं होतं. मासिकातून कापलेलं. दोन जागा एकामागे एक, चाकं कायम बाहेर, नाकावर पंखा. एचटी-२. मला ते मिळमिळीत वाटायचं. १९६५च्या युद्धानंतर वर्गातल्या वह्यांवर नॅट ही लढाऊ विमानं उडत होती आणि आमच्या घरी हे नवशिक्यांचं विमान!

बाबा गन कॅरेज फॅक्टरीत. त्यांना कौतुक आधी ते विमान आखणाऱ्या माणसाचं. डॉ. विष्णू माधव घाटगे मूळचे कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे शिकून पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. महायुद्धात आपले वैमानिक टायगर मॉथ या ब्रिटिश दुपंखी विमानावर शिकले होते. त्याची जागा घेणारं, संपूर्ण धातूचं एचटी-२ घाटग्यांच्या चमूने आखलं आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडालं.

पुढे आतेभाऊ हवाई दलात गेला, बिदरला याच विमानावर शिकला. सुट्टीत आला की उडण्यापेक्षा उतरण्याबद्दलच जास्त बोलायचा. या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली आणि वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे. टेकताना जरा तिरकं झालं की मागचा भाग पुढे धावायला बघतो आणि विमान गर्रकन फिरतं. ते पुरतं थांबेपर्यंत रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, पेडलवरचे पाय सैल सोडायचे नाहीत. "चुकलास की तिथल्या तिथे कळतं," तो सांगायचा.

बाबा खूश व्हायचे. कारखान्यात ते अप्रेंटिस पोरांना लेथवर शिकवत. "पोराला चूक कळली पाहिजे आणि बोटंही शाबूत राहिली पाहिजेत," ही त्यांची कसोटी. ते चित्र आमच्याकडे का होतं, हे मला तेव्हा उमगलं.

घाटग्यांनी नंतर किरण हे जेट आखलं, तेही शिकवण्यासाठीच. १९५९ मध्ये बारा एचटी-२ घानाला गेली. तो देश स्वतंत्र होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. नव्या हवाई दलाची सुरुवात अशाच विमानापासून होते.

लढाऊ विमानाच्या नावावर पाडलेली विमानं मोजतात. पण नॅट आणि मरुत उडवणाऱ्या कित्येकांनी आपल्या पहिल्या चुका एचटी-२ मध्ये केल्या आणि त्यांतून शिकायला ते जिवंत राहिले. पराक्रमाच्या हिशेबात ही जमा कुणी धरत नाही. माझ्या मते पहिली नोंद तिचीच हवी.