रूळ तेच, गाडी वेगळी



परवा सूर्यास्ताआधी जेवणं आटोपली आणि मुलाने बैठकीत छोटी रेल्वे मांडली. त्याला बार्शी लाइट करायची होती, लातूर-कुर्डुवाडीची जुनी अडीच फुटी गाडी. मामंजी वाकून बघत म्हणाले, "ही आपली गाडी नव्हे." मी पटकन बोलून गेले, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

मामंजी 1955 साली, कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना चालू होती तेव्हा, वडिलांचं बोट धरून त्याच गाडीने बार्शीपर्यंत गेले होते. ते शांतपणे म्हणाले, "गाडी लहान होती, माणसं नव्हती. हा फलाटावरचा माणूस या दारातून आत जाईल का?"

मुलाने खोकी तपासली. माणसं 1:87 ची, डबे 1:160 चे! स्केल म्हणजे वस्तू किती पट लहान केली ते. गेज म्हणजे दोन रुळांतलं अंतर. आमचे रूळ 9 मिलिमीटरचे. 160 ने गुणलं तर 1440, म्हणजे युरोपातले नेहमीचे रुंद रूळ. 87 ने गुणलं तर 783, म्हणजे बार्शी लाइटच्या 762 च्या अगदी जवळ. रूळ बरोबर होते, डबे बदलायला हवे होते.

एकच रूळ, दोन्ही उत्तरं खरी. कशाच्या अपेक्षेने, ते सांगावं लागतं. अनेकांत आपण पाठशाळेत शिकतो आणि घरात विसरतो.

रात्री सामायिकाआधी मामंजींना उत्तम क्षमा म्हटलं. ते हसले, "आधी डबे आणा."